पाय सरळ झाला, मग बूट कशाला?

परभणीची वहिनी: काल शेवटचं प्लास्टर निघालं. बाळाचे जन्मतः आत वळलेले दोन्ही पाय (डॉक्टर क्लबफूट म्हणतात) आता एकदम सरळ दिसायलेत. पण आता मधी पट्टीनं एकमेकांना जोडलेले बूट दिलेत. रात्रभर रडायलं लेकरू. सासूबाई म्हणायल्यात, पाय नीट झालेत की, कशाला छळायलीस. काढून ठेवू का?

मोठी आत्या: काढ बाई. तेल चोळ, हाडं कवळी असतात. मी तवाच म्हणले होते, गिराणात सुरी धरू नको.

लातूरची ताई: आत्या, पाया पडते, ते गिराणाचं वहिनीला परत ऐकवू नका. हजारात साधारण एका लेकराचे पाय जन्मतःच असे असतात, पोरांत पोरींच्या दुप्पट. बहुतेकदा कारण सापडत नाही. सुरी-ग्रहणानं तर होतच नाही.
वहिनी, बूट अजिबात काढू नको. मी फिजिओथेरपीत रोज बघते, सरळ झालेला पाय परत वाकडा होतो तो बहुतेक बूट सोडल्यानंच. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, म्हणजे आंघोळीपुरतेच काढायचे. पुढं रात्री अन् दुपारच्या झोपेत, ४ वर्षांचा होईपर्यंत. बूट बाहेर फाकलेले दिसतात ते मुद्दाम तसे असतात, कुणाकडून सरळ करून घेऊ नको.

मामा: त्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून मोकळं का नाही होत?

लातूरची ताई: मामा, पूर्वी मोठं ऑपरेशन करायचे. त्यातली बरीच पावलं मोठेपणी ताठ अन् दुखरी व्हायची. अमेरिकेत आयोवाच्या डॉ. पोन्सेटींनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू वळवायची पद्धत काढली, आता जगभर तीच वापरतात. बाळाच्या टाचेमागची शीर बारीक छेद घेऊन सोडवली, ती ३ आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमधी जुळून येते.

परभणीची वहिनी: ताई, पण रडणं बघवत नाही गं.

लातूरची ताई: समजतं मला. पहिले काही दिवस जड जातात. दोन्ही पाय धरून एकाच वेळी गुडघ्यात वाकव, सरळ कर, खेळल्यासारखं. एकेक पाय हलत नाही म्हणून लेकरं चिडतात. सुती मोजे घाल, बुटावरचा मधला पट्टा आधी आवळ, टाच तळाला टेकली का बघ. टाचेला फोड आला तर बूट सैल आहे. तिथं तेल-मलम नको, पाय आणखी घसरतो. लगेच डॉक्टरांना दाखव.

मामा: बुटाचा खर्च?

लातूरची ताई: सिव्हिलला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं विचारा. २०१३ पासून चालू आहे, त्यात हा आजार धरलेला आहे. पाय वाढला की बूट बदलावे लागतात, म्हणून नाव आताच नोंदवा.

परभणीची वहिनी: टाच वरच राहिली होती ताई! परत घातले. सासूबाईंना तुझा मेसेज वाचून दाखवते.