वजन उतरतं तसं ताटही लहान होतं : मनाची समजूत कशी घालता?

गेल्या चौदा महिन्यांत माझं वजन ९२ वरून ७६ किलोवर आलं. कौतुक झालं, कपडे दोनदा बदलले. पण ज्या जेवणावर पहिले सात-आठ किलो सहज उतरले, त्याच जेवणावर आता काटा ढिम्म हलत नाही. विश्रांतीतली कॅलरींची गरज काढायचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आहे, १९९० सालचं. त्यात वजनाच्या दर किलोमागे १० कॅलरी धरतात. माझे १६ किलो गेले, म्हणजे नुसती बसून राहिले तरी दिवसाला १६० कॅलरी कमी लागणार. चालताना वाहायचं ओझंही घटलं, तो खर्च वेगळाच. गणित पटतं हो! पण चौदा महिने शहाण्यासारखं वागल्याचं बक्षीस काय, तर आणखी कमी खा. परवा अर्ध्या ताटाकडे बघून चक्क डोळ्यांत पाणी आलं.

तुम्ही या टप्प्यावर काय केलंत? डाएट प्लॅन नकोत, ते ढिगानं आहेत. अनुभव लिहा.

* * *

सगळे सांगतात म्हणून लहान ताटली आणली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मी दोनदा वाढून घेतेय.

* * *

मला भूक तेवढी छळत नसे, शेवटचा घास छळायचा. मी पहिल्यापासून भराभर जेवणारा. जेवण निम्मं केल्यावर पाच मिनिटांत माझं ताट रिकामं आणि बाकीचे निवांत जेवतायत. मी उठून जायला लागलो, तर घरातले नाराज, कारण सगळे एकत्र बसायची तेवढी एकच वेळ. मग माझा वाटा दोन खेपांत वाढून घ्यायला लागलो. अन्न तेवढंच, पण 'अजून आहे' हे माहीत असलं की हात आपोआप सावकाश चालतो.

दुसरं म्हणजे बायकोचा प्रश्न, "बस, एवढंच?" मायेनंच विचारायची. पण दिवसातून तीनदा ऐकलं की खरंच वाटायला लागतं, आपलं काहीतरी हिरावून घेतलंय. शेवटी सांगितलं, की हे विचारू नकोस, वाटल्यास दुसरं काहीही विचार.

आणि एक कबुली. मी घरातला खवय्या होतो. उरलंसुरलं संपवायचं काम माझं, त्यावरून थट्टाही माझीच. ते पद गेलं त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. वजन कमी करताना असलंही काही सोडावं लागतं, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

* * *

ताई, मला उलट आकड्यांनीच धीर आला. मी समजत होते माझी जीभच चटावली आहे. मग केव्हिन हॉल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ सालचा अंदाज वाचला: घटलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि खायची ओढ मात्र साधारण १०० कॅलरींनी वाढते. शिवाय चरबी घटली की पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरकही घटतं. म्हणजे गरज खाली, भूक वर! त्यानंतर स्वतःला हावरट म्हणणं बंद केलं. भूक लागायची ती लागतेच, पण आता तिच्यासोबत अपराधीपणा येत नाही.

* * *

जरा वेगळा सूर लावतो. माझी समजूत इतकी छान पटली, की कमी खाण्याचीच नशा चढली. रात्री झोप नाही, सतत थंडी, आणि तासन् तास दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसायचो. पुढे अमेरिकेत मिनेसोटात झालेल्या १९४४-४५ च्या प्रयोगाबद्दल वाचलं. अँसल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. वाचून अंगावर काटा आला, कारण तो मीच होतो. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे धाडलं. तिथं ठरलं, वजन आहे तिथंच तीन महिने राहू द्यायचं आणि पोटभर जेवायचं. ठरवलेल्या आकड्यापासून चार किलो दूर आहे. राहीन.

ताई, ताट बघून रडू येत असेल तर थोडं थांबायलाही हरकत नाही.

* * *

धागाकर्ती पुन्हा. थांबण्याचा विचारच डोक्यात आला नव्हता. या आठवड्यात डॉक्टरांशी बोलते. दोन खेपांत वाढून घेणं कालच करून पाहिलं, पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीनं जेवण संपलं.

"एवढंच?" आमच्याकडे सासूबाई विचारतात. त्यांना न दुखावता कसं सांगायचं, कुणाला सुचत असेल तर लिहा.