ऑक-ग्रेपने भागत नाही
‘मजकूर चाळणाऱ्या ऑक आणि ग्रेप कमांडने भागतं की, यूएफडब्ल्यूला (लिनक्सचं फायरवॉल सांभाळणारं साधन) जेसन, म्हणजे स्क्रिप्टला सहज वाचता येणारं, आउटपुट कशाला?’ हा तुमचा मुद्दा दोन सर्व्हरपुरता ठीक आहे. आमच्या बाणेरच्या ऑफिसात सगळ्या मशीनचे फायरवॉलचे नियम गोळा करून ताडून पाहावे लागतात, तिथे तो टिकत नाही. हे नियम दाखवणाऱ्या ‘आयपीटेबल्स -एल’ कमांडची एक ओळच घ्या: अ‍ॅक्सेप्ट, ऑल, एनीव्हेअर, एनीव्हेअर. वाटतं, दार सताड उघडं! प्रत्यक्षात नियम फक्त लूपबॅकचा, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच चालणाऱ्या संवादाचा, असू शकतो. इंटरफेसचा (नियम कुठल्या नेटवर्क जोडणीचा ते सांगणारा) रकाना ‘-व्ही’ दिल्याशिवाय दिसतच नाही. आणि ‘-व्ही’ दिलं की पॅकेट-बाइट्स मोजणारे मोठे काउंटर के-एममध्ये गोल होतात, नेमका आकडा हवा तर वर ‘-एक्स’. माणसासाठी सजवलेलं आउटपुट स्क्रिप्टने वाचायचं म्हणजे ही कसरत आलीच.

आयपीटेबल्सच्या जागी आलेल्या एनएफटी कमांडने ‘-जे’ हा जेसनचा पर्याय देऊन हे केव्हाच सोडवलंय. प्रत्येक नियमाला हँडल (कायमचा ओळखक्रमांक), बाइट्स सरळ आकड्यात, आणि सुरुवातीलाच स्कीमाचं, म्हणजे आउटपुटच्या रचनेचं, व्हर्जन. यूएफडब्ल्यूतही असा कायमचा ओळखक्रमांक हवाच, कारण तिथे मधला एक नियम उडवला की पुढचे नंबर सरकतात. व्हर्जन मात्र पहिल्या रिलीजपासून घाला. नंतर एखाद्या फील्डचं नाव बदललं की सगळ्यांच्या स्क्रिप्ट बोंबलणार. आउटपुटचं रंगबिंग नंतर बघू.