पिक्चरचं नाव पाहिजे, ट्रक आणि पाठलाग, अर्जंट!!

केजकर: एका जुन्या इंग्रजी पिक्चरचं नाव पाहिजे, आजच पाहिजे. सगळा पिक्चर रस्त्यावरच आहे, ट्रक आहे, पाठलाग आहे, खुनाची भानगड आहे, दोन-चारच नट. दोन दिवस झाले गूगलवर शोधायलो पण सापडंना गेलंय. भाचा उद्या सकाळी पुण्याला चाललाय आणि आमच्याकडं टीव्हीवर नेट लावून देणारा तो एकच, म्हणून घाई. माहीत असेल त्यानंच सांगा.

बालाघाटी: ड्युएल. १९७१. स्पीलबर्ग. बंद करा धागा.

केजकर: तो परवाच लावला होता. दादा दहा मिनिटांत उठून अंगणात गेले. तो नाही.

बालाघाटी: दहा मिनिटांत?? अहो टीव्हीसाठी काढलेला पिक्चर तो, दोनेक आठवड्यांत शूटिंग उरकलंय, एक लाल कार आन् एक गंजका टँकर, बास. ड्रायव्हरचं तोंड शेवटपर्यंत दाखवत नाही, नुसते हात आन् बूट दिसतात, त्याचंच भ्याव वाटतं.

मास्तर_परळी: मला तर झोप लागली. मुळात तो ७४ मिनिटांचा होता, तेवढाच बरा होता. परदेशात थेटरला लावायचा म्हणून ९० मिनिटांचा केला, शाळेची बस, रेल्वे फाटक, बायकोला फोन, हे सगळं नंतर घुसडलेलं. आणि तो कारवाला मनातल्या मनात किती बोलतो, दिसतंय ते परत सांगायची काय गरज?

बालाघाटी: सर, बसचाच सीन भारी आहे. जो कारवाल्याला मारायला टपलाय तोच पोरांच्या अडकलेल्या बसला मागून ढकलून देतो. काटा आला होता अंगावर. तुम्ही झोपले असणार तिथं.

जालनावाला: हिंदीतला रोड असंल बघा, मनोज वाजपेयीचा, २००२ चा.

केजकर: इंग्रजी लिहिलंय ना वर.

गोदाकाठ: पिक्चरचं सोडा, मागच्या उन्हाळ्यात गेवराईच्या पुढं रात्री दोनला वाळूचा हायवा माझ्या मागं लागला, साईड दिली तरी पुढं जाईना, मी हळू केलं की तो हळू, नुसता अप्पर मारतोय, आरशात उजेडाशिवाय काही दिसंना, शेवटी एका धाब्यावर गाडी घातली तेव्हा गेला. नंबर प्लेटवर ग्रीस फासलेलं होतं. तेव्हापासून डॅशकॅम बसवलाय, पुढं एक मागं एक. सगळ्यांनी बसवा.

मास्तर_परळी: ड्युएलच्या लेखकाचं पण असंच झालं होतं. रिचर्ड मॅथिसन. २२ नोव्हेंबर १९६३, केनेडींना गोळी घातली त्याच दिवशी एक ट्रकवाला त्याच्या गाडीच्या मागं लागला, त्यावरनं गोष्ट सुचली.

बालाघाटी: आता का कौतुक, झोप लागली होती ना?

केजकर: नाव सांगा ओ कोणीतरी 🙏

रात्रपाळी: कोणाचा पाठलाग कोण करतंय ते आधी सांगा.

केजकर: ट्रकवालाच करतोय की.

रात्रपाळी: म्हणजे ट्रकवाला व्हिलन?

केजकर: नाही ओ, ट्रकवाला हिरो. खुनी पुढं व्हॅनमधी. लिहिलं नाही का मी?

बालाघाटी: 🤦 तासभर झाला भाऊ.

केजकर: मला वाटलं कळलं असंल. आमचे दादा २८ वर्षं ट्रकवर होते. मुंबईला वाडीबंदरला माल उतरायचा नंबर लागेपर्यंत व्हिडिओवर बघितलेला, इंग्रजी कळत नव्हतं तरी शेवटपर्यंत बसले. म्हणतात, ड्रायव्हर चांगला दाखवलेला तेवढा एकच. म्हणून तर ड्युएल आवडला नाही त्यांना.

रात्रपाळी: केबिनमधी कुत्रं होतं का?

केजकर: थांबा, विचारून येतो.

केजकर: होतं म्हणतात, पण आपल्यासारखं नाही, कोल्ह्यासारखं. आणि ट्रकमधी डुकराचं मटण.

रात्रपाळी: रोड गेम्स, १९८१, ऑस्ट्रेलियाचा. स्टेसी कीच ड्रायव्हर, वाटेत लिफ्ट मागणारी पोरगी जेमी ली कर्टिस, खुन्याची हिरवी व्हॅन. ते कुत्रं म्हणजे डिंगो. नलारबरचं मैदान आहे, झाड नाही की झुडूप नाही. एक सांगतो, मधी फार रेंगाळतो, पाठलाग म्हणून बघाल तर कंटाळाल.

बालाघाटी: म्हणजे ड्युएलच भारी.

केजकर: सापडला!! लावून दिला भाच्यानं, चालू आहे. दादा खुर्ची ओढून पार टीव्हीला चिकटलेत. तो ड्रायव्हर एकटाच कुत्र्याशी बडबडत असतो सारखा, मला वैताग आला. दादा म्हणाले, "क्लीनर नसला की असंच व्हतंय. म्या धारूरचा घाट चढताना देवाच्या फोटोसंग बोलायचो."

मास्तर_परळी: गोदाकाठ, मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीतून घेतली का छतातून?