केवळ रेडिओवर विसंबता येणार नाही

धुळे, शिरपूर यांसारख्या धावपट्ट्यांवर शिकाऊ वैमानिकांनी रेडिओवर आपला ठावठिकाणा नियमित सांगितला, तर नियंत्रण मनोऱ्याची उणीव भासणार नाही, हे आपण मांडलेले मत मला अपुरे वाटते. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतील क्विन्सी येथे, मनोरा नसलेल्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाने, दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी असलेले विमान थांबणार आहे ना, असे रेडिओवर विचारले होते. उत्तर आले ते त्या विमानाच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच छोट्या विमानातून, आणि त्यातील काही शब्द प्रवासी विमानातल्या इशारा-यंत्राच्या आवाजात बुडाले. पुढचे विमान थांबणार आहे असा समज झाला. प्रत्यक्षात ते धावत सुटले होते आणि दोन्ही धावपट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ही दोन विमाने धडकली. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण दगावले.

म्हणून डोळ्यांना पर्याय नाही. वर पंख असलेल्या सेसनासारख्या छोट्या विमानातून वरचे नीट दिसत नाही, खाली पंख असलेल्या विमानातून खालचे दिसत नाही. अशी दोन विमाने एकावर एक येत उतरू लागली, तर दोघांनाही पत्ता लागत नाही. सरळ लांबून येऊन उतरण्यापेक्षा साधारण हजार फूट उंचीवरून धावपट्टीला समांतर पूर्ण फेरी घेणे याचसाठी इष्ट, कारण त्यात इतरांना आपण दिसतो. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात धुळीने क्षितिज धूसर होते, तेव्हा तर प्रशिक्षकांनी ही फेरी सक्तीचीच करावी, आणि उत्तर देणाऱ्याने आधी स्वतःच्या विमानाचे संकेतनाम सांगावे, असा माझा आग्रह आहे.