फोटोंच्या या विचित्र नावांवरून तारीख कळते का?

प्रश्न
एका डिस्कवर शेकडो फोटो आहेत. नावं अशी:
आयएमजी-२०१९०८१२-डब्ल्यूए०००७
एफबी_आयएमजी_१५६५६००००००००
पीए१५००४२
_डीएससी४४१७
एफ०१२३४५६७
तारखेप्रमाणे लावायचेत, पण 'डेट क्रिएटेड' सगळ्यांवर एकच, डिस्कवर कॉपी केल्याची. नावांचा काही उपयोग होईल?

उत्तर १
पहिल्या दोघांचा होईल. डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, आधीची तारीख २०१९-०८-१२, शेवटचे चार आकडे त्या दिवसाचा क्रमांक. एफबीवाल्यात १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद आहेत. एक्सेलमध्ये त्या आकड्याला ८६४००००० ने भागा, २५५६९ मिळवा आणि सेलला तारखेचं फॉरमॅट द्या. तुमच्या आकड्याचं उत्तर १२ ऑगस्ट २०१९, ८:५३ येतं, तेही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). आकडा दहा अंकी असला तर ते सेकंद. मग ८६४०० ने भागायचं.

उत्तर २
वरच्या दोन्ही तारखा फोटो फोनमध्ये आल्याच्या आहेत, काढल्याच्या नव्हेत. लग्नाचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो काल फॉरवर्ड झाला तर नावात कालचीच तारीख पडते.

कॅमेऱ्याच्या नावात मुळात आठच अक्षरं, त्यातले शेवटचे चार आकडे अनुक्रमांक. ९९९९ नंतर पुन्हा ०००१, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंची नावं अगदी सारखी निघू शकतात. नावं बदलण्याआधी सगळे फोल्डर एकात ओतू नका, एकावर एक लिहिले जातील.

पीए१५ ही जुन्या ऑलिंपसची पद्धत: ए म्हणजे ऑक्टोबर (बी नोव्हेंबर, सी डिसेंबर), १५ तारीख. वर्ष नाहीच! _डीएससीमधला सुरुवातीचा अंडरस्कोर म्हणजे फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत (रंग साठवायच्या एका पद्धतीत) काढलाय, तारखेशी संबंध शून्य.

उत्तर ३
एफ०१२३४५६७ हे फोटोरेक या फाइल-रिकव्हरी सॉफ्टवेअरने डिलीट झालेलं परत मिळवताना दिलेलं नाव दिसतंय. आकडा म्हणजे फाइल डिस्कच्या ज्या सेक्टरपासून (साठवणीच्या छोट्या कप्प्यापासून) सुरू होत होती तो. मूळ नाव गेलं ते गेलंच, पण आतला एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली तारीख वगैरे माहिती) बहुतेक शाबूत असतो. एक्झिफटूल या प्रोग्रॅमने त्यातली 'डेटटाइम ओरिजिनल', म्हणजे फोटो काढल्याची वेळ, वाचा आणि त्यावरूनच नावं बदला, तीही कॉपीवर. नावात सेकंदानंतर क्रमांक जोडा. एका सेकंदात चार फोटो काढलेले असतात. टी ने सुरू होणाऱ्या फाइली दिसल्या तर त्या नुसत्या थंबनेल (छोट्या प्रतिमा).

प्रश्नकर्ता
काही जेपीजी उघडतच नाहीत.

उत्तर ३
हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिले तीन बाइट बघा. एफएफ डी८ एफएफ असेल तर खरा जेपीजी, पुढे कुठेतरी तुटलाय. ५२ ४९ ४६ दिसलं तर बहुधा वेबपी (फोटोचा वेगळा फॉरमॅट) आहे, एक्स्टेन्शन बदलून पाहा. नुसती शून्यं असतील तर आत काहीच उरलेलं नाही.