कंपारी व्हिस्कीला खुलवते की मारते?

कोथरूडकर:
कोरेगाव पार्कात कुठेही बसा, कडू कॉकटेल म्हटलं की नेग्रोनीच पुढे येते, म्हणजे जिन, गोड लाल व्हर्मूथ (मसाले-वनस्पती घातलेली वाइन) आणि कंपारी, ती लाल, कडू इटालियन लिकर. माझं म्हणणं, त्याच कंपारीला जिनपेक्षा व्हिस्की जास्त शोभते, म्हणजे बुलव्हार्डिए हे कॉकटेल: बूर्बन (अमेरिकन व्हिस्की), कंपारी आणि गोड लाल व्हर्मूथ. जिन कडूपणाला अजून धार लावते, बूर्बनचं तसं नाही, त्यात निम्म्याहून जास्त मका, वर नव्या जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरलेलं, त्यामुळे व्हॅनिला-कॅरमेलचा जो गोडवा येतो तो कंपारीला सांभाळून घेतो, कारल्याच्या भाजीत गूळ घालतो तसं. थंडीत तर याला तोड नाही.

माल्टवाला:
अजिबात पटलं नाही. कंपारी इतकी दांडगी की बाकीचं काही कळतच नाही. अमृत फ्यूजनसारखी माल्ट, म्हणजे बार्लीची भारतीय व्हिस्की, त्यात स्कॉटलंडच्या धुरकट बार्लीचा हलका धूर, ती लाल पाण्यात ओतायची? जीव तुटतो राव. दोन थेंब पाणी घाला आणि निवांत प्या.

कोथरूडकर:
अहो माल्ट घाला म्हणतंय कोण! बूर्बन किंवा राय (राय धान्याची व्हिस्की) घ्या. आणि चव दबते ती प्रमाण चुकल्यामुळे. पॅरिसच्या बारवाल्या हॅरी मॅकेल्होननी १९२७ मध्ये बुलव्हार्डिएची कृती छापली तेव्हा तिन्ही समसमान होतं, त्यात कंपारी डोक्यावर बसते हे मला मान्य. आता ४५ मिली व्हिस्की आणि बाकी दोन्ही ३०-३० घेतात, करून बघा, व्हिस्की नीट लागते.

बाणेरची:
मला तर गोड व्हर्मूथच नको वाटतं. ओल्ड पाल घ्या, राय, कंपारी आणि ड्राय व्हर्मूथ, एकदम खडखडीत. ज्यांना कडू झेपत नाही त्यांनी पेपर प्लेनपासून सुरुवात करावी, बूर्बन, अपेरोल आणि अमारो नोनिनो (दोन्ही कडसर इटालियन लिकर), लिंबाचा रस, सगळं सारखं. अपेरोल ११ टक्क्यांचंच आणि कंपारीपेक्षा खूप मवाळ, त्यामुळे व्हिस्की दबायचा प्रश्नच नाही. फक्त नोनिनो पुण्यात शोधत फिरावं लागतं.

आणि एक, व्हर्मूथ ही वाइन आहे, उघडलेली बाटली एप्रिलच्या उकाड्यात कपाटात राहिली की आंबटढाण होते आणि मग लोक कंपारीला शिव्या घालतात. फ्रिजमध्ये ठेवा, महिना-दोन महिन्यात संपवा.

माल्टवाला:
फ्रिजचं बरोबर आहे. पेपर प्लेनही पिऊन बघेन, लिंबू आहे म्हणून. पण माझ्या माल्टच्या बाटलीला कंपारी लागणार नाही.