डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टाळायचा तर पुणे महापालिकेने काय करावं?

कर्वेरोडकर: आईला ऐकू कमी यायला लागलं तेव्हा 'वय झालं' म्हणून आम्ही सोडून दिलं. हळूहळू ती गप्पांतून बाजूला पडली, भिशीला जायची बंद झाली. मग गॅस चालू ठेवून विसरायला लागली. कानाचा याच्याशी संबंध असू शकतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ आयोगाने डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५% डिमेन्शिया टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी ७%: कमी ऐकू येणं आणि मध्यमवयात वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल. आपल्याकडे सल्ला मात्र शब्दकोडी आणि बदामांचाच. माझं म्हणणं, महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात चाळिशीनंतर बीपी, साखर, कान आणि डोळे तपासावेत.

सिंहगडरोड_६४: मला हे पटत नाही. माझे वडील तीस वर्षं पहाटे पर्वती चढले. तंबाखू नाही, दारू नाही. ७१ व्या वर्षी निदान झालं. तेव्हापासून नातेवाईक विचारतात, "पथ्य कुठे चुकलं?" तुमचा ४५% चा आकडा शेवटी घरच्यांच्याच माथी बसतो. आणि कानाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अचीव्ह चाचणीत कानाचं मशीन देऊन तीन वर्षांनी संपूर्ण गटात बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. तो पैसा आधी डे-केअरला, म्हणजे अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रांना द्या.

कर्वेरोडकर: काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हा आकडा लोकसंख्येचा आहे, एका माणसाचा निवाडा नाही. उरलेल्या ५५% चं काय करायचं हे अजून कोणालाच माहीत नाही. अचीव्हबद्दल तुमचं बरोबर आहे, पण त्याच चाचणीत हृदयाच्या एका जुन्या अभ्यासातून आलेल्या, मधुमेह-बीपीसारखे धोके जास्त असलेल्या गटात ही घसरण ४८% ने मंदावली. आपल्याकडे मधुमेह आणि बीपी किती घरांत आहे ते बघा.

टेकडीवाली: डोक्याला मार लागणं हेही त्या १४ कारणांत आहे. २०१९ च्या हेल्मेटसक्तीला या शहराने केवढा विरोध केला! मेंदूला बसलेला धक्का वीस वर्षांनीही भोवू शकतो, हे कॉलेजच्या मुलांना कोणी सांगत नाही. फुटपाथचंही तेच. माझ्या सासूबाई उखडलेल्या फरशीवरून पडल्या आणि बाहेर जाणंच सोडलं. चालणं थांबलं, मैत्रिणी सुटल्या. १४ पैकी दोन कारणं एकाच फरशीने घरात आणली. हवेच्या प्रदूषणावर तर वेगळा धागा काढावा लागेल.

सिंहगडरोड_६४: फुटपाथ, हेल्मेट, तपासणी, सगळं मान्य. ते तरुणांसाठी आहे, व्हायलाच हवं. पण तपासणीत ज्यांचं निदान होईल त्यांना पाठवणार कुठे, ते आधी ठरवा. बाबांना दुपारी एकटं ठेवता येत नाही. मावशी मिळतात, पण महिनाभरही टिकत नाहीत. गेल्या वर्षी बायकोने नोकरी सोडली. तिचं बीपी आता १५० च्या वर असतं, आणि तुमच्या यादीत बीपी आहे.

कर्वेरोडकर: हे माझ्या मागणीत नव्हतं. नगरसेवकाला द्यायच्या निवेदनात डे-केअर पहिल्या ओळीत घालते. पण कानाची तपासणी मी काढणार नाही.